दहाच्या जागी वीस

"कशालेबी हात लावायच्या पह्यले इचारजो, माय. काही फुटलं, सांडलं, त पह्यले आपलंच नाव घेतीन."

संघमित्राचे वडील सुपडू सुरवाडे यांनी हे तिला विद्यापीठाच्या फाटकात सांगितलं, त्याला आता वर्ष उलटून गेलं होतं. केळीच्या गाड्या भरणारा माणूस. त्या दिवशी धुतलेला सदरा घालून लेकीला सोडायला असोद्याहून आले, पण फाटकाच्या आत काही आले नाहीत. एवढं एक वाक्य सांगितलं आणि परतीच्या बसकडे वळले. पूर्वी एका गोदामात वजनकाटा बिघडला, तेव्हा काट्याजवळ उभे होते म्हणून त्यांचं नाव आलं होतं. काट्याला त्यांनी बोटसुद्धा लावलं नव्हतं. ही गोष्ट मात्र त्यांनी लेकीला कधी सांगितली नाही.

लेक आज्ञाधारक. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आली तरी ती रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत कपाट उघडायच्या आधी विचारायची. प्रयोगशाळेचे मदतनीस झुलालभाऊ हसायचे. "अहो ताई, किल्ली तुमच्याच हातात आहे. मला काय विचारता? कपाटालाच विचारा!"

ती हसायची आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारायची.

प्रवेशाच्या वेळी तिचं नाव खुल्या यादीत लागलं होतं. तिला वाटलं, कारकुनाकडून चुकून पडलं. ती चूक कुणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून की काय, ती वऱ्हांड्यातून भिंतीच्या कडेकडेनं चालायची. जिन्यात एकदा कुणीतरी म्हणालं होतं, "यांचं बरं असतं बाबा, यांचा कट-ऑफच वेगळा." बोलणाऱ्याला तिची यादी माहीत नव्हती. तिनंही सांगितली नाही. सांगायला गेलं की लोक तपासतात, आणि तपासलं की काहीतरी निघतं, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

तिचा प्रकल्प होता केळीच्या मळ्यांमधल्या विहिरींच्या पाण्यात नायट्रेट किती, ते मोजण्याचा. यंत्र चांगलं होतं, पद्धत साधी होती. मार्गदर्शक सरांचा एक नियम मात्र पक्का. त्यांनी स्वतःच्या हातानं एक तपासणीची बाटली भरून ठेवली होती, तिच्यात नायट्रेट बरोबर दहा. कुणीही आपल्या विहिरीचं पाणी मोजण्याआधी त्या बाटलीतलं पाणी मोजायचं. दहा आले की समजायचं, हात बरोबर आहे. मग पुढं जायचं.

संघमित्राचे वीस आले.

तिनं काचेची सगळी भांडी पुन्हा धुतली. पुन्हा वीस. दुसऱ्या दिवशी झुलालभाऊंच्या आधी येऊन दाराशी उभी राहिली, भांडी आम्लानं धुतली, डिस्टिल्ड पाण्यानं विसळली, पिपेट धरताना कोपर टेबलाला टेकवलं. पुन्हा वीसच्या आसपास. मग तिनं आपल्या नखांकडे पाहिलं, केसांना लावलेल्या तेलाकडे पाहिलं, जेवणाच्या डब्याकडेही पाहिलं. जगातल्या सगळ्या गोष्टींवर तिचा संशय गेला. टेबलावर समोरच उभ्या असलेल्या, स्टँडर्ड द्रावणाच्या मोठ्या बाटलीवर तेवढा गेला नाही.

ते द्रावण प्रेमराजनं बनवलं होतं. यंत्राला आधी ते दाखवायचं, त्यावरून यंत्र बाकीचं मोजायचं. प्रेमराज पीएच.डी. करत होता, रावेरकडचा, घरच्या केळीच्या बागा, अक्षर मोत्यासारखं. बाटलीवर त्यानं नाव, तारीख, ताकद सगळं झोकात लिहिलं होतं. माणूस मनाचा मोकळा. घरून शेव आली की सगळ्या प्रयोगशाळेला वाटायचा. त्याच्या हातून काही चुकेल, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

सरांना ती म्हणाली, "सर, अजून करतेय."

हे चाललं असतानाच पहिल्या वर्षाच्या सविता चौरेला सरांनी त्याच कामातला एक लहान तुकडा दिला. सविता पिंपळनेरच्या पुढच्या एका पाड्यावरची, कोकणी आदिवासी घरातली. मुलींच्या वसतिगृहात राहायची. पाड्यावरून एम.एस्सी.ला आलेली पहिलीच. बोलायची कमी, पण हात असा हलका की थेंब सोडायचा म्हटला की एकच थेंब सुटायचा. संघमित्रानं तिला पिपेट धरायला शिकवलं, आणि दोन दिवसांत शिकवणारीलाच तिच्या हाताचं कौतुक वाटायला लागलं.

सविताचेही वीस आले.

त्या दिवशी सरांना बैठकीला जायची घाई होती. त्यांनी आकडा पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "वीस? अगं, दुप्पट येतंय! भांडी धुतेस की नुसती ओली करतेस? बी.एस्सी. कुठून केलं?"

सवितानं कॉलेजचं नाव सांगितलं.

"तिथं प्रॅक्टिकल होतात की नाही?" पलीकडे कुणीतरी फिसकन हसलं. सर संघमित्राकडे वळले. "तू शिकवलंस ना हिला? तुझे बरोबर आले ना दहा?"

सविता तिच्याकडे बघत होती. प्रेमराज बघत होता. पलीकडच्या टेबलावरची दोघं बघत होती.

"हो सर," संघमित्रा म्हणाली.

एवढंच. दोन शब्द. सर निघून गेले. सवितानं बाटलीला झाकण लावलं आणि हळूच म्हणाली, "माझंच चुकत असेल, दीदी."

हे वाक्य संघमित्राचं होतं. रोज मनात म्हणून म्हणून गुळगुळीत झालेलं. दुसऱ्याच्या तोंडून ते तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

शुक्रवारी दुपारी ती बससाठी विद्यापीठाच्या फाटकाबाहेर आली, तर महामार्गाच्या पलीकडे, धुळ्याकडे जाणाऱ्या बसच्या थांब्यावर सविता उभी. पायाशी मोठी बॅग, तिच्यावर बांधलेली गादीची वळकटी. सुट्टीला जाणारं माणूस गादी नेत नाही.

ती रस्ता ओलांडून गेली.

"कुठं गं?"

"घरी."

"परत कधी येणार?"

सवितानं बॅगेचा पट्टा उगीच सारखा केला. "दादानं निरोप पाठवलाय. आमच्याकडच्या आश्रमशाळेत बदली बाईंची जागा निघालीय. सोमवारी या म्हणालेत."

"आणि इथलं?"

"इथलं काय दीदी... सर म्हणाले ते खोटं नाही. आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकल फळ्यावरच व्हायचं. पाड्यावर सगळे म्हणतात, सविता शास्त्रज्ञ होणार. मी मनात म्हणते, यांना कुणी सांगायचं? आता सांगायलाच नको. मास्तरीण झाले तरी खूश होतील."

"तुझा हात चांगला आहे, सविता."

"तुमचे दहा येतात, माझे वीस. तीच काच, तेच पाणी. मग हातच ना?" ती हसली. "खानावळीतल्या पुष्पाबाईंनासुद्धा कळलं. वसतिगृहातून निघताना म्हणतात, 'काय व पोरी, बठ्ठं सामान लिसनी चालनी? आते परत येत नहीस का?' मी म्हटलं, जेवायला येईन कधीतरी, पुष्पाबाई, जेवताना कुणी चुकत नाही, तेवढं एक मला येतं."

संघमित्राला तेव्हाच सांगायचं होतं. शब्द ओठापर्यंत आलेही होते. पण समोरून साक्रीची बस दिसली, सवितानं हात केला, आणि वळकटी उचलून देता देता संघमित्राच्या तोंडून वेगळंच बाहेर पडलं. "मी कारण शोधून काढते. आणि सोमवारच्या आत तुला सांगते."

"फोन लागत नाही आमच्याकडे. टेकडीवर जावं लागतं."

"मग येऊन सांगते."

सविता पायरीवर थबकली. "येऊन? पाड्यावर?"

"हो."

"खरंच या," ती म्हणाली, पण कुणी येणार नाही हे धरूनच म्हणावं अशा सुरात. "आई नागलीची भाकर करेल."

कंडक्टर ओरडला, "ओ ताई, गप्पा मारायच्या त खाली उतरा, नाही त दोघी वर या!" आणि बस गेली.

असोद्याच्या बसमध्ये संघमित्राला खिडकी मिळाली. ती सविताचा हात आठवत बसली. भांडी कशी धुतली, पाणी कसं काढलं, झाकण कुठं ठेवलं. ती स्वतः शेजारी उभी होती, सगळं तिच्या डोळ्यांसमोर झालं होतं. त्यात चूक नव्हती. स्वतःच्या हाताबद्दल ती असं कधीच म्हणू शकली नसती, पण सविताच्या हाताबद्दल शपथेवर म्हणू शकली असती. मग वीस आले कसे?

आणि हात चुकला की आकडा कधी अठरा येईल, कधी तेवीस, कधी सात. दोन वेगळ्या मुलींचे हात एकसारखे कसे चुकतील? बरोबर दुप्पटच कसे चुकतील? दुप्पट येतंय म्हणजे कुठंतरी काहीतरी निम्मं आहे. दोघींनी वापरलेलं, पण दोघींनी न बनवलेलं असं तिथं काय होतं?

ममुराबादच्या नाक्यावर बस थांबली, चढणाऱ्यांची रेटारेटी झाली. तिला फक्त ती मोठी बाटली दिसत होती, मोत्यासारख्या अक्षराची.

इतके दिवस हे का सुचलं नाही? आकड्याकडे तिनं आकडा म्हणून पाहिलंच नव्हतं. वीस दिसले की तिला त्यात स्वतःच दिसायची. आणि सविताशी ती खरं बोलली असती, माझेही वीसच येतात गं, एवढंच म्हणाली असती, तर दोघींनी मिळून त्याच दुपारी बाटलीवर बोट ठेवलं असतं.

वर्षावासाचे, पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या उपासनेचे दिवस होते. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असायचं, आणि त्याआधी घरी तिन्हीसांजेला वंदना. आई रुक्माबाई वर्षावासात अष्टमी-पौर्णिमेला उपोसथ करायच्या. त्या दिवशी दुपारनंतर अन्न नाही, निंदणीचं काम असलं तरी नाही. आज अष्टमी होती. त्यांनी बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावली, उदबत्ती लावली, मायलेकी हात जोडून बसल्या. त्रिशरण झालं. पंचशील सुरू झालं. चौथ्या शिलाला, खोटं न बोलण्याच्या, संघमित्राचा आवाज बंद पडला. रुक्माबाईंनी एकटीनं पुढचं म्हटलं, शेवटपर्यंत नेलं, नमस्कार केला, आणि मगच विचारलं.

"काय वं, मधातच कशी थांबली?"

मग तिनं सगळं सांगितलं. ओट्यावर बसलेल्या वडिलांनाही ऐकू जात होतं. 

सुपडूभाऊच आधी बोलले. "ते बाटली त्या मोठ्या पोराच्या हातची हाये ना?"

"हो, बाबा."

"मंग तू कायले मधात पडते? उद्या तो म्हनीन, हिनंच काही केलं असीन. सरबी त्याचंच आयकतीन. तुह्यं वरीस वाया जाईन, माय. नवीन बाटली निंघाली का तू तुह्यं मोजून घे. बोभाटा कायले?"

"अन् त्या पोरीचं कोन पाहीन?" रुक्माबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच, हळू. "हिनं 'हो' म्हनलं म्हनून ते गादी घेऊन गेली ना घरी?"

"मी पोरीच्या भल्याचं सांगून राह्यलो."

"मले मालूम हाये."

सुपडूभाऊ उठून बाहेर गेले. त्यांच्या भीतीत खोट नव्हती, हे मायलेकी दोघींना ठाऊक होतं. रुक्माबाईंनी लेकीला जेवायला वाढलं, स्वतः पाणी पिऊन घेतलं, आणि दोघी विहाराकडे निघाल्या.

शनिवारी सकाळी प्रयोगशाळेत प्रेमराज एकटाच होता. कानाला फोन, हातात चहा. त्याचा फोन संपेपर्यंत संघमित्रा टेबलाशी उभी राहिली.

"प्रेमराजदादा, तुमचं जुनं द्रावण थोडं शिल्लक आहे का? आधीच्या बाटलीतलं?"

"फ्रिजमध्ये असेल तळाला. का गं?"

"मला तपासणीची बाटली त्याच्यावर मोजून बघायचीय."

"बघ की. विचारतेस काय?"

तिनं मोजलं. यंत्राचा आकडा स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो, तेवढा वेळ ती पडद्याकडे बघत राहिली. नऊ पूर्णांक नऊ दशांश. तिनं पुन्हा मोजलं. दहा.

"दादा," ती म्हणाली, आणि आपला आवाज एवढा साधा कसा आला याचं तिलाच नवल वाटलं. "नवीन बाटली निम्म्या ताकदीची आहे."

प्रेमराज कप हातात घेऊनच आला. आकडे पाहिले. बाटली उचलून उजेडात धरली, जणू काचेतून दिसणार होतं. मग कपाळावर हात मारून हसला. "अरे हो! त्या दिवशी दोन पिपेट घालायच्या होत्या ना, एक घातली आणि पुनमचा फोन आला. लग्नाच्या हॉलचं चाललं होतं आमचं. परत आलो आणि सरळ पाणी भरून टाकलं बघ! माझंच चुकलं. च्यायला. बरं झालं सांगितलंस."

"माझंच चुकलं" हे त्यानं, छत्री घरी राहिली, असं सांगावं तसं सांगितलं. आणि चहाचा घोट घेतला. संघमित्रा बघत राहिली. हे शब्द इतके हलके असू शकतात, हे तिला माहीत नव्हतं.

"पण तू आधी का नाही बोललीस?" प्रेमराज म्हणाला. "तुझे तर दहा येत होते ना?"

"नव्हते येत."

"मग त्या दिवशी सरांना..."

"खोटं बोलले."

प्रेमराजनं कप खाली ठेवला. हसू गेलं. त्यानं बाटली उचलली, बेसिनमध्ये ओतून दिली आणि तिच्यावरची आपल्या अक्षरातली चिठ्ठी नखानं खरवडायला लागला.

सरांच्या खोलीत दोघं गेली. बाटलीचं प्रेमराजनंच सांगितलं, आडपडदा न ठेवता. सर म्हणाले, "ठीक आहे, नवीन करा. होतं असं." आणि पुन्हा संगणकाकडे वळले.

"सर," संघमित्रा म्हणाली. "माझेही वीसच येत होते. तुम्ही विचारलंत तेव्हा मी हो म्हणाले, ते खोटं होतं."

सरांनी चष्मा काढला. "का?"

तिनं वाटेत उत्तर जुळवलं होतं. ते आठवेना. "मला वाटलं, माझाच हात," ती म्हणाली.

"कशावरून?"

सर थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. रागावणार, असं वाटत होतं. रागावले नाहीत. खिडकीबाहेर पाहिलं, पुन्हा चष्मा घातला. "खोटं रीडिंग सांगणं चूक आहे. पुन्हा करू नकोस. चौरेला बोलाव, सोमवारी दोघी मिळून सगळं परत मोजा."

"ती गेलीय, सर."

"गेली म्हणजे?"

"घरी. गादी घेऊन. सोमवारी आश्रमशाळेत नोकरीला लागणार आहे."

सरांचा हात टेबलावरच्या कागदांवर थांबला. आपण त्या दिवशी काय बोललो ते त्यांना आठवलं की नाही, कोण जाणे. त्यांनी विचारलं, "फोन?"

"लागत नाही तिकडे."

"हं." मग ते म्हणाले, "तिला म्हणावं, सरांनी बोलावलंय. म्हणजे... म्हणावं, रीडिंग बरोबर होतं तिचं. माझं बोलणं चुकलं, म्हणावं." शेवटचं वाक्य त्यांनी कागदांकडे बघत म्हटलं. त्यांना ते प्रेमराजइतकं सोपं गेलं नाही.

रविवारी पहाटे संघमित्रा उठली तेव्हा रुक्माबाईंनी चूल पेटवली होती. दोघींनी वंदना केली. आज सगळी शिलं सलग म्हणून झाली.

सुपडूभाऊ अंगणात दात घासत होते. गाडी भरायला जायची वेळ झाली होती त्यांची. त्यांनी लेकीच्या खांद्यावरची पिशवी पाहिली.

"पिंपळनेरले जाते?"

"हो, बाबा. त्याच्याही पुढं."

"धुळ्याले गाडी बदलजो. पुढच्या गाडीचं कंडक्टरले इचार..." म्हणता म्हणता ते थांबले. चूळ भरली. "तिच्या बापाले माह्या नमस्कार सांगजो."

जळगावच्या स्थानकावर धुळ्याची बस लागलेलीच होती. आत गर्दी नव्हती. मागं कापसाची गाठोडी घेतलेली दोन माणसं अहिराणीत भावावरून हुज्जत घालत होती. पुढं एक बाई लेकराला पारले बिस्किट भरवत होती. संघमित्रा मधल्या बाकावर बसली. पाड्यावर पोचल्यावर आधी काय सांगायचं, हे ती ठरवत होती. सरांचा निरोप आधी नको. बाटलीची गोष्टही आधी नको. आधी, माझेही वीसच आले होते, सविता, हे. ते सांगताना सविताच्या आईसमोर सांगावं लागलं तरी सांगायचं.

कंडक्टर आला.

"कुठं?"

"धुळे. तिथून पिंपळनेरची मिळेल ना?"

"साक्रीची मिळेल, पुढं बदला. लांबचा पल्ला आहे, ताई. सोबत कुणी नाही?"

"नाही. येताना असेल बहुतेक," ती म्हणाली, आणि तिकीट घेऊन खिडकीची काच वर सरकवली.